हनुवटी

ठोसा नाकावर बसला तेव्हा गार्नेट टेलफरच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर चष्मा. नवा होता. आज वर्तमानपत्रात फोटो येणार, म्हणून मुद्दाम बारीक सोनेरी काड्यांचा घेतलेला. मग कवटीच्या आतून काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर रक्त. ते इतकं कढत होतं की क्षणभर त्याला बरंच वाटलं, कारण बाहेर थंडी अशी पडली होती की थुंकी जमिनीवर पोचेपर्यंत गोठावी. तो पायपुसण्यावर गुडघ्यांवर आला. समोर कोर्टाच्या आतल्या दाराची काच होती. तिच्यात एक म्हातारा माणूस तोंड उघडं टाकून बसलेला दिसत होता, आणि हा कोण बावळट, असं गार्नेटला वाटून गेलं. डाव्या हातानं कुणीतरी त्याच्या ओव्हरकोटची गळपट्टी अजून धरून ठेवली होती. ती सुटली. पाठीवर दोन हलक्या थापा पडल्या. "चांगला टिकलास," मारणारा म्हणाला, आणि शांतपणे भिंतीजवळच्या बाकावर जाऊन गुडघ्यांवर हात ठेवून बसला. खेळाडूनं शिक्षेची मिनिटं भरेपर्यंत मैदानाबाहेर बसायचं असतं, तसा.

झालं होतं एवढंच. गार्नेट बाहेरून आत आला, चष्म्यावर वाफ धरली, समोरचं काही दिसेना. त्यानं जाड कातडी हातमोजे दातांनी ओढून काढले, काखेत धरायला गेला, तर ते निसटून खाली पडले. मोकळे हात चष्म्याकडे, म्हणजे तोंडासमोर, वर गेले. आणि समोर नेमका ऑरेस्ट हलुश्का उभा होता. गार्नेटचा अशील. सामने भरवणाऱ्या लीगवरच्या आजच्या दाव्यातला पहिला वादी, ज्याच्या एकट्याच्या नावामागे रेजायना शहरापासून पार उत्तरेच्या खाणगावांपर्यंतचे शेकडो जुने खेळाडू रांगेनं उभे होते. जन्मभर त्यानं बर्फावरच्या हॉकीशिवाय काही केलं नव्हतं, आणि हॉकीतही मारामारीशिवाय काही केलं नव्हतं. या मुलखात पोराला अक्षरं कळायच्या आधी एक गोष्ट कळते: समोरच्यानं हातमोजे खाली टाकले, हात वर केले, की बोलणं संपलं. मग तो तुमचा भाऊ का असेना. ऑरेस्टचं डोकं आता पुष्कळ गोष्टी विसरलं होतं. बायकोचं नाव, स्वतःचा पत्ता, जेवलो की नाही जेवलो, सगळं. पण ही एक गोष्ट डोक्यात नव्हतीच मुळी, ती मनगटात होती. मनगट काही विसरलं नव्हतं.

दारावरचा पहारेकरी धावत आला. त्यानं गार्नेटचं नाक बघितलं, खाली पडलेले हातमोजे बघितले, बाकावरचा ऑरेस्ट बघितला, आणि त्याचा चेहराच पालटला. "अहो, हे डनमेअरचे हलुश्का ना? माझा बाप यांच्या मॅचला शेतावरचं काम टाकून जायचा!" मग त्याला आपली नोकरी आठवली. "पोलिसांना बोलावू का साहेब?"

"कशाला? पडलो मी," गार्नेट म्हणाला. आवाज नाकातून येत होता. "पायपुसण्यात पाय अडकला."

पहारेकऱ्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "हो, वाईटच आहे ते. मी सांगणारच होतो त्यांना."

इतक्यात गाडी लावून स्टेफी आली, ऑरेस्टची बायको. अंगानं थोराड, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात डबा, कारण कोर्ट असो की दवाखाना, आपल्या हातचं खाल्ल्याशिवाय ऑरेस्टला चैन पडत नाही असं तिचं म्हणणं. तिनं आधी नवऱ्याची बोटं बघितली. सांध्यांवरची कातडी फुटली होती. मग गार्नेटकडे बघितलं.

"त्यानं मारलं."

"पडलो गं."

"गार्नेट, मला डोळे आहेत. पानगळीच्या दिवसांतच सांगितलं होतं मी तुला. हा माणूस बूट नेऊन भट्टीत ठेवतो. आरशातल्या माणसाला म्हणतो, माझ्या घरातून चालता हो. याच्या नावावर नको चालवूस हे आता, माझं नाव लाव म्हटलं. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

मग काय? तेच. नाव बदलायचं म्हणजे आधी डॉक्टर आणायचे, ऑरेस्टचं भान गेलंय असं कोर्टात सिद्ध करायचं, त्यात वर्ष गेलं असतं, आणि लीगनं ठेवलेला समझोता आजच्या दिवसापुरताच होता. आज न्यायमूर्तींनी मान्यता दिली तर दिली, नाही तर उद्यापासून लीग परत पहिल्या पायरीवर. तेव्हा गार्नेट स्टेफीला जे म्हणाला होता तेच आताही म्हणाला. "एकच शब्द बोलायचाय त्याला. न्यायमूर्ती विचारतील, समझोता मान्य आहे का? हा म्हणेल, मान्य आहे. संपलं. घरी जाऊन झोपा." स्टेफीनं डबा दुसऱ्या हातात घेतला आणि रुमालाच्या टोकानं ऑरेस्टची बोटं पुसायला लागली. गार्नेटनं खाली वाकून आपले हातमोजे उचलले. एकावर रक्ताचा ठिपका होता. ते त्यानं ओव्हरकोटच्या खिशात कोंबले.

स्वच्छतागृहात त्यानं गार पाणी सोडलं आणि चेहरा त्याखाली धरला. पाणी लाल होऊन जात होतं, थांबत नव्हतं. कागदाच्या गुंडाळ्या करून नाकपुड्यांत कोंबल्या तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. सत्तरीला टेकला होता तो, आणि गंमत बघा, आजवर या माणसाला कुणी मारलं नव्हतं. बापानं नाही, शाळेत नाही, हॉकीत नाही, राजकारणात तर नाहीच नाही. ज्या धंद्यात, ज्या मुलखात तो वावरला तिथे हे नवलच म्हणायचं. मार म्हणजे काय हे त्याला ऐकून माहीत होतं. कोर्टात तो मारावर इतकं बोलला होता, डोक्यावर बसलेल्या फटक्यानं मेंदू कवटीच्या आत कसा आपटतो ते मूठ आणि वाडगा घेऊन त्यानं ज्यूरीला दाखवलं होतं, बायका रडल्या होत्या. आणि आता आरशात बघताना त्याला कळत होतं की त्या सगळ्या भाषणात एक गोष्ट राहून गेली होती. ती म्हणजे लाज. मार बसला की आधी लाज वाटते. दुखणं मागून येतं.

डनमेअरला तो सतरा वर्षांचा होता. चणीनं एवढासा, पण काठीच्या टोकावर चकती अशी नाचवायचा की समोरचे दांडगे गडी स्वतःच्याच पायात अडखळावेत. सगळे छोट्या म्हणत. अशा पोराला बर्फावर कुणी सुखानं खेळू देत नाही. चिरडतात, कडेच्या फळ्यांवर आपटतात, काठीनं पोटऱ्या फोडतात. म्हणून प्रत्येक टीमला एक पोलीस लागतो. पोलीस म्हणजे ज्याला धड खेळता येत नाही, पण मारता येतं असा. डनमेअरच्या बॅजर्सचा पोलीस होता ऑरेस्ट हलुश्का, रॉसकिर्कपलीकडच्या एका युक्रेनियन शेतकऱ्याचा पोरगा, ज्याला इंग्रजीत भांडताही यायचं नाही म्हणून तो आधी हातच उचलायचा. कोचनं पहिल्याच दिवशी त्याला छोट्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, "हा दिसतोय ना? याला कुणी हात लावला तर तुला जेवण नाही." सगळे हसले. ऑरेस्ट हसला नाही. त्यानं ते मनावर घेतलं.

आणि मग ती खूण ठरली. कुणी ठरवली नाही, आपोआप ठरली. गार्नेटला कुणी ढकललं, शिवी दिली, की तो वळून ऑरेस्टकडे बघायचा आणि हनुवटी नुसती जराशी वर करायचा, त्या माणसाच्या दिशेनं. बस. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ऑरेस्ट बाकावरून उडी टाकायचा. हातमोजे बर्फावर पडल्याचा तो धप्प धप्प आवाज आला की अख्खी रिंक, बर्फाच्या मैदानाभोवतीची सगळी माणसं, उभी राहायची, बायका पोरांना खांद्यांवर घ्यायच्या. डाव्या हातानं समोरच्याचा सदरा धरायचा, ओढून डोक्यावरून पालथा घालायचा, आणि उजव्यानं खालून वर, खालून वर. दात बर्फावर पडायचे. मागून झाडूवाला येऊन ते फावड्यात भरायचा. गार्नेट तोवर तिकडे निवांत उभा, काठीवर हनुवटी टेकून, धाप आवरत. मॅचचे डाव तीन, आणि पुढच्या डावात त्याच्याभोवती मोकळी जागा असायची आणि तो गोल करायचा. लोक म्हणायचे, पोराच्या हातात जादू आहे. जादू कसली, कुणी जवळच यायचं नाही.

केटलोच्या रिंकवर एकदा एका लाल केसांच्या पोरानं त्याला काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते आज गार्नेटला आठवेना, नळाखाली उभं राहून त्यानं आठवून पाहिलं, पण नाही. आईवरून काही असेल, किंवा नुसतं ठेंगू म्हटलं असेल. हनुवटी वर गेली. ऑरेस्ट आधीच एक मारामारी करून बसला होता, त्याच्या भुवईला टाके घातलेले, तरी तो उठला. तो लाल केसांचा पोरगा त्याच्याहून दांडगा निघाला. ऑरेस्टचं हेल्मेट उडालं, पाय निसटला आणि तो मागच्या मागे उताणा पडला. तो आवाज. दगडावर नारळ फोडावा तसा, पण ओला. रिंक एकदम गप्प झाली. ऑरेस्टच्या टाचा बर्फावर थडथड वाजत होत्या. मग थांबल्या. मग तो उठला, हसला, आणि लोकांनी छत डोक्यावर घेतलं. परतीच्या बसमध्ये तो पत्र्याच्या डब्यात ओकत होता आणि मधून मधून डोकं वर काढून विचारत होता, "छोट्या, गोल झाला का तुझा?" झाला, म्हणून गार्नेटनं सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं परत तेच विचारलं. गार्नेटनं परत सांगितलं. डनमेअर येईपर्यंत तेच चाललं होतं. बसमधले सगळे हसून हसून बेजार झाले होते, आणि खोटं कशाला बोला, गार्नेटही हसत होता.

पुढे गार्नेट वकील झाला, आमदार झाला. चेहरा देखणा, जीभ सुरीसारखी, गावोगावच्या जत्रांत म्हाताऱ्या त्याच्या गालाला हात लावायच्या. मंत्री व्हायचं नक्की झालं होतं. आणि मग लेन्टनच्या सभागृहात ती सभा झाली. सरकारनं गावचं धान्याचं कोठार बंद केलं होतं, रेल्वे उखडली होती, आणि एक शेतकरी उठून ओरडायला लागला. ओरडत ओरडत पुढे आला. गार्नेटनं भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या दोन माणसांकडे पाहिलं, आणि हनुवटी वर केली. सवय हो. त्या शेतकऱ्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि एक डोळा गेला. "मी त्याच्या अंगाला हात लावलेला नाही," गार्नेट सगळ्या वाहिन्यांवर सांगत फिरला, आणि ते शब्दाशब्दानं खरं होतं. पण एका छायाचित्रकारानं नेमका तो क्षण टिपला होता: वर उचललेली हनुवटी, त्या दिशेनं निघालेले दोघे. राजीनामा द्यावा लागला. पुढे कित्येक वर्षं लोक दुकानात त्याला बघून मुद्दाम हनुवटी वर करायचे. पोरंसुद्धा.

त्यानंतर हे सामूहिक दावे. गोळ्या खाऊन आंधळे झालेले, स्फोट होणाऱ्या शेगड्यांनी भाजलेले, बोर्डिंग शाळांतून मार खाऊन बाहेर पडलेले. गार्नेट बिंगोच्या हॉलमध्ये कॉफी आणि पाव ठेवून माणसं गोळा करायचा, तिथल्या तिथे वकीलपत्रावर सह्या घ्यायचा. वकिलांच्या मंडळानं एकदा निलंबित केलं, एकदा कान उपटले. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, जखमेवर बसलेली माशी, तोंड गार्नेटचं. लागलं त्याला ते. कारण त्याचा राग खरा होता. एखाद्या म्हातारीनं शाळेतल्या तळघराची गोष्ट सांगितली की त्याला रात्री झोप लागायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो कोर्टात असा तुटून पडायचा की समोरच्यांच्या तोंडचं पाणी पळावं. फक्त एवढंच की पुढे नाव दुसऱ्याचं असायचं, साक्ष दुसऱ्याची. उलटतपासणीत सोलून निघायचा तो दुसराच. तो कायदाच तसा आहे, यात गार्नेटचा काय दोष? पण आज, नाकात कागद कोंबून, त्याला वाटलं की आपण कायदा निवडला नाही, कायद्यानं आपल्याला ओळखून जवळ बोलावलं.

ऑरेस्टवर त्याचा जीव होता, हे कुणी नाकारू नये. जुन्या पोलिसांची डोकी एकामागून एक जायला लागली, कुणी बंदूक तोंडात घातली, कुणी बायकोला ओळखेनासा झाला, तेव्हा हा दावा त्यानं ऑरेस्टसाठीच लावला होता. लीगनं या पोरांना मारायला सोडलं, तिकिटं विकली आणि डोकी फुटल्यावर ओळख दाखवली नाही, हे तिच्या तोंडून वदवून घ्यायचं असं त्यानं स्टेफीच्या स्वयंपाकघरात टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. समझोत्यात ते वदवून घेणं नव्हतं. लीग पैसे देणार होती आणि चूक मान्य करणार नव्हती. पण वर्षं गेली होती, म्हातारे मरत होते, आणि गार्नेटलाही एकदा तरी आपलं नाव मथळ्यात चांगल्या शब्दाशेजारी बघायचं होतं. आज ते व्हायचं होतं. त्यानं टाय सारखा केला. शर्टावर रक्त होतं, ते कोटाखाली झाकलं.

कोर्टाची खोली भरली होती. मागच्या बाकांवर जुने खेळाडू, मोडक्या नाकांचे, वाकड्या बोटांचे, बहुतेकांच्या हातात काठ्या, काहींच्या शेजारी बायका. लीगचा वकील इयन क्रॉमार्टी आधीच येऊन बसला होता, इस्त्रीतून काढल्यासारखा. दोघे एकाच वर्गात शिकलेले. त्यानं गार्नेटकडे पाहून शीळ घातली.

"काय रे, कुणी दिला प्रसाद?"

"पडलो."

"बरं झालं, म्हणजे नेहमीसारखं दुसरं कुणी नाही पडलं." मग जवळ वाकून तो म्हणाला, "हे बघ, आज तमाशा नको. न्यायमूर्तींनी सही केली की सगळे घरी जातील. तूही जा, नाकाला बर्फ लाव."

न्यायमूर्ती ड्यूशार्म आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, बोलण्यात फ्रेंच वळण असलेल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कागद उघडले, आणि चष्म्यावरून गार्नेटकडे बघत राहिल्या.

"मिस्टर टेलफर, तुमच्या नाकाला काय झालं?"

"काही नाही, महोदया. दारात पडलो. पायपुसणं होतं."

"डॉक्टर हवा का?"

"नको, महोदया. आपण सुरू करू या."

"पडला नाही तो."

आवाज पहिल्या बाकावरून आला. ऑरेस्ट उभा राहिला होता. एवढा थोरला देह, निळा सूट खांद्यांवर ताठलेला, स्टेफी त्याची बाही धरून खाली ओढत होती आणि तो हलत नव्हता. रागावला होता तो. गार्नेटनं त्याला इतकं रागावलेलं बर्फावरही पाहिलं नव्हतं. तिथं तो कधी रागावत नसे, ते काम होतं.

"मी मारला त्याला. आधी हातमोजे त्यानं टाकले, मग मी. समोरासमोर झाली, नीट झाली. पाठीवर थाप दिली मी नंतर. आणि हा म्हणतो पडलो? लाज नाही वाटत? मी कधी पडलेल्याला मारलं नाही. एकालाही नाही. विचारा कुणाला पण!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग एका म्हाताऱ्यानं आपली काठी जमिनीवर आपटली. मग दुसऱ्यानं. बर्फावर चांगली मारामारी झाली की बाकावरचे गडी काठ्या फळ्यांवर आपटून दाद देतात, तशी दाद सगळी मागची रांग देऊ लागली. फरशी हादरत होती. ती दाद केटलोलाही अशीच मिळाली होती, टाचा थांबल्यावर. गार्नेटच्या नाकातला कागद ओला होऊन ओठावर आला.

न्यायमूर्तींनी हात वर केला. काठ्या थांबल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं. "मिस्टर हलुश्का, आज आपण इथे कशासाठी जमलोय, सांगाल का मला?"

ऑरेस्टनं छताकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. "तिसरा डाव राहिलाय अजून," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. स्टेफीनं डबा छातीशी धरला होता. क्रॉमार्टी टेबलाखालून गार्नेटच्या पायाला पाय लावत पुटपुटला, "थट्टा करतोय म्हण. जुने मित्र आहोत, थट्टा चालते म्हण. बोल ना लवकर!" आणि तेवढ्यात न्यायमूर्तींचा प्रश्न आला. मिस्टर टेलफर, हे खरं आहे का? एका शब्दाचं काम होतं. थट्टा. स्टेफीनं त्याला बसवलं असतं. स्टेफीला नुसती खूण केली असती तरी पुरे होतं, आणि गार्नेटला स्वतःच्या गळ्याच्या शिरा ताणल्यासारख्या वाटल्या, हनुवटी आपल्या आपण वर निघाली होती, स्टेफीच्या दिशेनं, म्हणजे बसव त्याला. तेव्हा त्याला भयंकर किळस आली. स्वतःच्या तोंडाची, त्या हाडाची. पत्र्याच्या डब्यातून वर आलेला तो चेहरा, गोल झाला का तुझा, छोट्या. त्यानं हनुवटी गळपट्टीत खाली दाबली, इतकी की नाकातून कळ मस्तकात गेली.

"खरं आहे, महोदया," तो म्हणाला. "पडलो नाही. यांनी मारलं. मला वाफेत दिसेना, माझे हातमोजे खाली पडले, आणि यांना वाटलं मी आव्हान दिलं. आज काय चाललंय हे यांना कळत नाही. यांच्या पत्नीनं मला आधीच सांगितलं होतं. तरी मी यांना पुढे उभं केलं."

बाकी सगळं भराभर झालं. जो वादी समजू शकत नाही त्याच्या संमतीवर समझोता मान्य करता येणार नाही, न्यायमूर्ती म्हणाल्या, आणि वकिलांच्या मंडळाला त्यांना कळवावं लागेल, ते गार्नेटला ठाऊक असेलच. क्रॉमार्टी उठला आणि लीगचा प्रस्ताव आज संध्याकाळी संपतो एवढंच म्हणाला. मग ओरडा सुरू झाला. "आमचं काय?" "भाड्या, मेल्यावर देणार का?" एक काठी भिरभिरत आली आणि गार्नेटच्या खांद्यावर आपटली. ज्यानं फेकली तो म्हातारा काठीशिवाय उभा राहू शकेना आणि बायकोच्या अंगावर कोसळला. गार्नेटनं काठी उचलून त्याला नेऊन दिली. म्हाताऱ्यानं ती घेतली आणि त्याच्या बुटावर थुंकला. ठीक आहे, गार्नेटला वाटलं, हे ठीक आहे. पण ठीक काही नव्हतं, हे म्हातारे रिकाम्या हातांनी घरी जाणार होते आणि त्यांतले काही पुढचा हिवाळा बघणार नव्हते.

बाहेरच्या दालनात थंडीचा वास होता. ओव्हरकोट घालणारी माणसं, कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्यानं कोट चढवला. स्टेफी ऑरेस्टला हाताला धरून दाराकडे नेत होती. ऑरेस्टनं जाता जाता त्याच्याकडे बघितलं आणि थबकला. त्याचा चेहरा उजळला, कितीतरी महिन्यांत उजळला नव्हता तसा.

"छोट्या!" मग नाक दिसलं. चेहरा मिटला. "हे कुणी केलं?"

"कुणी नाही रे."

"कुणी केलं? तुला हात लावला? मी असताना?" त्यानं स्टेफीचा हात सोडवला. "नाव सांग. नाव नको सांगू, हनुवटी दाखव. नेहमीसारखी."

"ऑरेस्ट, चल घरी," स्टेफी म्हणाली. "डबा आणलाय बघ तुझा."

क्रॉमार्टी तेवढ्यात बाहेर आला. बोलत, हसत. थांबून गार्नेटच्या कानाशी म्हणाला, "आता तुला बिंगोच्या हॉलातही कुणी उभं करणार नाही," आणि हातमोजे काखेत मारून कोटाची बटणं लावायला लागला. उघडे हात छातीशी. ऑरेस्टनं ते हात पाहिले. गार्नेटनं त्याला पाहताना पाहिलं. मान पुढे, खांदे खाली, श्वास संथ. क्रॉमार्टी सडपातळ माणूस होता, त्याचं हाड काडीसारखं मोडलं असतं, आणि गार्नेटच्या पोटात, देवा रे, पोटात खोल कुठेतरी तोच जुना गोडवा पसरला. काही करायचं नव्हतं. हनुवटी वर करायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प उभं राहायचं. ऑरेस्ट निघाला होता. स्टेफी किंचाळली. क्रॉमार्टी अजून बटणात गुंतलेला, त्याला कशाचा पत्ता नाही.

गार्नेटनं खिशातले हातमोजे काढले आणि फरशीवर टाकले.

धप्प. धप्प. एवढ्या गलक्यात तो आवाज कुणाला ऐकू गेला नसता. ऑरेस्टला गेला. तो जागच्या जागी वळला, एवढा जड देह, पण बर्फावर वळावा तसा. समोर गार्नेट उभा होता, मघाशी मोडलेल्या चष्म्याशिवाय, दोन्ही मुठी वर करून. आपण कसे दिसतोय हे त्याला माहीत होतं. पहारेकरी पुढे यायला निघाला आणि थांबला. त्याचाही मुलूख तोच होता.

"इकडे ये," गार्नेट म्हणाला. "मी आहे."

ऑरेस्ट आला. पण हात उचलायच्या आधी त्यानं गार्नेटच्या उजव्या मुठीकडे पाहिलं आणि चुकचुकला. फुटलेल्या, वाकड्या बोटांनी त्यानं ती मूठ उघडली, आत दुमडलेला अंगठा बाहेर काढला आणि मूठ पुन्हा मिटून दिली.

"बाहेर ठेव," तो म्हणाला. "मोडेल."

मग डाव्या हातानं त्यानं गळपट्टी धरली. गार्नेटनं डोळे मिटले नाहीत. ठोसा हनुवटीवर बसला, दात दातांवर वाजले, दालनाचे दिवे एकदम लांब गेले आणि पाठ मागच्या भिंतीला जाऊन आदळली. तोंडात दाताचा तुकडा होता. पाय गेले होते, पण भिंत होती, आणि गार्नेट तिला टेकून उभाच राहिला, अंगठा बाहेर ठेवून.